गाडीचा झोका कोण आवरतो?

बेल्हे हे जुन्नर तालुक्यातील गाव कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आहे. येथला सोमवारचा बाजार, आणि त्यातही बैलबाजार, पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले तर वाहनांचे प्रदर्शनच पाहायला मिळते. जनावरे भरलेला टेम्पो, कांद्याच्या गोण्या लादलेला पिकअप, एस.टी., ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे पोते बांधलेली मोटारसायकल अशी सगळी वाहने एकाच गतिरोधकावरून जातात. पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. बिनस्प्रिंगची ट्रॉली धाडकन आदळते. एस.टी. सावकाश झुलते. भरलेला पिकअप डुलत जातो, तर तोच रिकामा परत येताना टणाटण उड्या मारतो. गतिरोधक एकच असताना हा फरक का पडावा?

हाच प्रश्न अलीकडे विद्यार्थी वेगळ्या शब्दांत विचारतात. मोबाइलवरच्या चित्रफितींत त्यांनी मागची चाके घसरवत, धूर काढत वळणारी मोटार पाहिलेली असते. या प्रकाराला ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. मग ते विचारतात, “सर, अशा गाडीला कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन बसवायचे असेल तर कोणते निवडावे?” प्रश्न सुटे भाग विकणाऱ्या दुकानात विचारावा असा वाटतो. परंतु त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकातच आहे. हूकचा नियम, दोलनगती, घर्षण आणि तरफ एवढी शिदोरी असली की पुरे. शिवाय हे उत्तर केवळ शर्यतीच्या मोटारीला नव्हे, तर घरातल्या मोटारसायकलीलाही लागू पडते.

चाक रस्ता का सोडते?

आधी सस्पेन्शन हवेच कशाला, ते पाहू. समजा, रस्त्यावर लाटांसारखे उंचवटे आहेत. दोन माथ्यांमधील अंतर २ मीटर आहे आणि माथा खोलगट भागापेक्षा ४ सेंटिमीटर उंच आहे. आपल्याकडच्या रस्त्यांच्या मानाने हे काही फार नाही. स्प्रिंग नसलेली बैलगाडी ताशी ४ किलोमीटर वेगाने यावरून चालली, तर वरखाली होण्याचे तिचे सर्वाधिक त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढे असते. गाडीवानाला ते जाणवतही नाही.

आता वेग वाढवू. हे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाला ते गुरुत्वत्वरणाइतके होते. याचा अर्थ असा की, माथ्यावरून खाली उतरताना गाडी जास्तीत जास्त जेवढ्या त्वरेने खाली पडू शकते तेवढ्याच त्वरेने रस्ता तिच्याखालून निघून जातो. याहून वेग वाढला की चाक हवेत! ताशी ६० किलोमीटरला तर हा हिशेब गुरुत्वत्वरणाच्या साडेपाच पटींवर जातो. हवेतल्या चाकावर भार नसतो. भार नाही म्हणून घर्षण नाही, आणि घर्षण नाही म्हणून ब्रेकही नाही आणि वळणही नाही.

तेव्हा सस्पेन्शनचे पहिले काम बसणाऱ्याला गादीचे सुख देणे हे नव्हे. चाक रस्त्याला सतत आणि शक्य तितक्या सारख्या जोराने दाबून धरणे, हे त्याचे पहिले काम. हे एक वाक्य ध्यानात ठेवावे. पुढचा सारा विचार त्याच्याभोवती फिरतो.

स्प्रिंग: भार पेलणारी

हे काम दोघे मिळून करतात. त्यांतली पहिली स्प्रिंग. ती कधी वेटोळ्यांची असते, तर कधी पिकअप-ट्रकच्या मागच्या आसाला असतात तशी पाट्यांची. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली आपला नियम विस्ताराने प्रसिद्ध केला. दुप्पट भार ठेवला की स्प्रिंग दुप्पट दबते, असे त्याचे सार. एक मिलिमीटर दाबण्यासाठी जितके बल लागते, तितका त्या स्प्रिंगचा ताठपणा.

भार ठेवून सोडलेली स्प्रिंग वरखाली झोके घेते. हे झोके सेकंदाला किती पडतील याचा एक सोपा ठोकताळा आहे. आपल्या वरच्या भाराने स्प्रिंग एकूण किती सेंटिमीटर दबली आहे ते पाहावे, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याने ५ ला भागावे. दर सेकंदाला पडणाऱ्या झोक्यांची संख्या, म्हणजे वारंवारता, मिळते.

१६ सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला सव्वा झोका घेते, तर ४ सेंटिमीटर दबलेली अडीच. पिकअपच्या उड्यांचे रहस्य येथे उलगडते. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात निघालेल्या पिकअपचे पाटे समजा १६ सेंटिमीटर दबले आहेत. माल उतरल्यावर मागच्या पाट्यांवरचा भार चौथाई राहिला, तर दाब ४ सेंटिमीटरवर येईल आणि झोके दुपटीने जलद होतील. पाटे तेच राहिले, भार बदलला. म्हणून स्प्रिंग चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. किती भारासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

साध्या प्रवासी मोटारीची वारंवारता सेकंदाला १ ते १.५ झोके अशी ठेवतात. आपल्या चालण्याच्या लयीच्या जवळची ही लय शरीराला सोसते. उलट सेकंदाला ४ ते ८ कंपने माणसाला सर्वांत जास्त त्रास देतात, कारण पोटातले अवयव त्याच सुमारास डचमळू लागतात. शर्यतीच्या मोटारीत सुखाचा विचार मागे पडतो. वळताना गाडी फार कलू नये म्हणून तिची वारंवारता साधारण २ ते ३ पर्यंत नेतात.

शॉकअप: झोका आवरणारा

स्प्रिंग भार पेलते, पण झोका थांबवत नाही. दाबताना जितकी ऊर्जा घेतली, तितकी ती जवळजवळ सगळी परत करते. झोका आवरतो तो दुसरा भिडू, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजमध्ये त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि बारीक छिद्रे असलेला दट्ट्या त्यातून वरखाली सरकतो. सावकाश सरकला तर तेल छिद्रांतून निवांत वाट काढते. जोराने सरकला तर तेल अडते आणि विरोध करते. स्प्रिंगचा विरोध ती किती दबली यावर ठरतो, तर शॉकअपचा विरोध तो किती वेगाने दबतो यावर. दोघांच्या स्वभावातला हा फरक मोलाचा आहे. झोक्याची ऊर्जा तेल घासून घेऊन उष्णतेत बदलते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप गरम झालेला असतो.

झोका आवरण्याच्या या क्रियेला ‘अवमंदन’ म्हणतात. ज्या अवमंदनाने वस्तू एकही झोका न घेता शक्य तितक्या लवकर मूळ जागी येते, ते क्रांतिक अवमंदन. त्याला १ मानून शॉकअपचे प्रमाण सांगतात. समजा, गाडीला १० सेंटिमीटरचा झोका बसला. प्रमाण ०.१ असेल, तर एका पूर्ण झोक्यानंतर ५.३ सेंटिमीटर शिल्लक राहतात. ०.३ असेल तर १.४ सेंटिमीटर. ०.७ असेल तर अर्धा मिलिमीटरसुद्धा उरत नाही.

मग सगळ्याच गाड्यांना १ प्रमाण का देत नाहीत? कारण फार कडक शॉकअप खड्ड्याचा हिसका तसाच वर पोहोचवतो. शिवाय चाकाखाली खड्डा आला की चाकाने झटकन खाली उतरायला हवे. कडक शॉकअप त्याला उतरू देत नाही आणि तेवढा वेळ चाक अधांतरी राहते. लागोपाठ खड्डे असले तर चाक खाली येण्यापूर्वीच पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू आपल्याच स्प्रिंगांवर दबून बसते. म्हणून प्रवासी मोटारीला ०.२ ते ०.४ आणि शर्यतीच्या मोटारीला ०.५ ते ०.७ च्या आसपासचे प्रमाण देतात. झोका तर आवरावा, पण चाकाला बांधून ठेवू नये, असा हा मध्यममार्ग आहे.

मोटारसायकलीच्या पाच खाचा

कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन फक्त महागड्या मोटारींनाच असते असे नाही. बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्या कापलेले एक कडे असते. विशिष्ट पान्याने ते फिरवले की स्प्रिंग एक-एक खाच वर उचलली जाते. बहुधा अशा पाच खाचा असतात. खाच वाढवली की स्प्रिंग ‘टाईट’ झाली, असे सर्रास म्हटले जाते.

खरे पाहता स्प्रिंगचा ताठपणा मुळीच बदलत नाही. तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा गुण यांवर ठरतो. कडे फिरवल्याने यांपैकी काहीच बदलत नाही. बदलते ते फक्त स्प्रिंगचे बूड. ते वर सरकल्याने गाडीची मागची बाजू वर उचलली जाते.

हे पटवून घ्यायला एक टेप आणि दोन मित्र पुरेत. सपाट जागी इंजिन बंद करून एकाने मोटारसायकल सरळ धरावी. दुसऱ्याने सीटवर बसावे. सीटच्या मागच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. मग मागे ५० किलोची गोणी ठेवून पुन्हा मोजावे. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा मिळून चाकापाशी ताठपणा मिलिमीटरला २० न्यूटन असेल आणि गोणी थेट चाकाच्या वर असेल, तर सीट सुमारे अडीच सेंटिमीटर खाली जाईल. आता खाच बदलून हाच प्रयोग करावा. दोन्ही मापे आधीपेक्षा जास्त येतील, पण त्यांतला फरक पूर्वीइतकाच राहील. फरक तोच, म्हणजे ताठपणा तोच.

मग या खाचांचा उपयोग काय? मागे माणूस किंवा पोते आले की गाडी दबते आणि स्प्रिंगला खाली जायला जागा कमी उरते. खाच वाढवून ती जागा परत मिळवता येते. आणि पोते उतरल्यावर खाच पुन्हा कमी करायची असते, हे मात्र बहुतेकजण विसरतात.

कापलेली स्प्रिंग

मोटार रुबाबदार दिसावी म्हणून ती जमिनीलगत आणण्याची काहींना हौस असते. त्यासाठी स्प्रिंगची एक-दोन वेटोळी कापून टाकण्याचा स्वस्त उपाय केला जातो. त्याने काय होते, ते हिशेबाने पाहू.

स्प्रिंगचा ताठपणा कार्यकारी वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६ वेटोळ्यांतली दीड कापली, तर उरलेल्या साडेचारांचा ताठपणा एक-तृतीयांशाने वाढतो. ताठपणा वाढला, पण शॉकअप जुनाच राहिला. क्रांतिक अवमंदन ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे जुना शॉकअप आता तोकडा पडतो. कोणी हौसेने चौपट ताठ स्प्रिंग बसवली आणि शॉकअप तोच ठेवला, तर ०.३ हे प्रमाण निम्म्यावर, म्हणजे ०.१५ वर येईल. पूर्वी एका झोक्यानंतर १० सेंटिमीटरांतले १.४ उरत होते, आता ३.९ उरतील. गाडी ‘कडक’ झाली असे वाटते, पण प्रत्यक्षात ती अधिक काळ उसळत राहते आणि तिच्या चाकांवरचा भार सारखा कमीजास्त होतो.

याशिवाय कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण खाली लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून जागा सोडण्याचा धोका असतो. माळशेजसारख्या घाटात ही करामत जिवावर बेतू शकते.

मुद्दाम घसरवलेली मोटार

आता ड्रिफ्टिंगकडे वळू. या कौशल्याला जपानमध्ये आकार आला. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणावर मोटार घसरवत नेण्याबद्दल गाजला. पुढे केइची त्सुचिया याने हे तंत्र लोकप्रिय केले. मागच्या चाकांना शक्ती देणारी, १९८३ साली बाजारात आलेली टोयोटाची हलकी कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो ही जोडी या खेळामुळे प्रसिद्धीस आली.

यामागचे विज्ञान असे. टायरची रस्त्यावरची पकड ही जणू एका ठरावीक रकमेची थैली आहे. पुढे ढकलण्यासाठी जितके खर्च करावे, तितके बाजूला धरून ठेवण्यासाठी कमी उरते. मात्र ही वजाबाकी साधी नसून पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे चालते. टायरची एकूण पकड ५००० न्यूटन असेल आणि इंजिनाने त्याला ३००० न्यूटन बलाने पुढे ढकलायला लावले, तर वळणासाठी ४००० न्यूटन उरतात. ४००० न्यूटन पुढे वापरले, तर ३००० उरतात. चालक वळणात मागच्या चाकांवर शक्ती इतकी वाढवतो की त्यांना बाजूला धरणारे बल अपुरे पडते. गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. त्याच क्षणी पुढची चाके उलट दिशेला वळवून तो गाडीला गिरकी घेण्यापासून वाचवतो आणि घसरण तोलून धरतो.

येथे एक गंमत आहे. गाडी घसरवायचीच आहे, तर मग पकड हवीच कशाला? पण घसरणाऱ्या टायरलाही घर्षण असतेच आणि त्याच घर्षणाच्या जोरावर गाडी वळणात राहते. मागच्या चाकांवरचा भार उसळत राहिला, तर हे घर्षणही क्षणाक्षणाला बदलेल. मग घसरण आटोक्यात ठेवणे कोणत्याही चालकाच्या हातात राहणार नाही. म्हणजे घसरणाऱ्या गाडीलाही सस्पेन्शनकडून तेच काम हवे असते, जे एस.टी.ला हवे असते. चाक सारख्या जोराने रस्त्याला दाबून धरणे!

भार कोणाच्या वाट्याला?

वळताना आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. १२०० किलोची मोटार घेऊ. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर दीड मीटर मानू. गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट त्वरणाने ती वळली, तर सुमारे ३२० किलोचा भार आतून बाहेर सरकतो. हा आकडा वस्तुमान, उंची, रुंदी आणि त्वरण एवढ्यांवरच ठरतो. कोणतीही महागडी स्प्रिंग तो बदलू शकत नाही.

मात्र या ३२० किलोंपैकी पुढच्या चाकांच्या जोडीने किती सोसायचे आणि मागच्या जोडीने किती, हे स्प्रिंगा ठरवतात. जी जोडी ताठ, तिच्या वाट्याला अधिक. आणि टायरचा एक स्वभाव असा की, भार दुप्पट केला तरी पकड दुपटीला थोडी कमीच पडते. त्यामुळे ज्या जोडीत भाराची ओढाताण जास्त, तिची एकूण पकड कमी होते. मागच्या स्प्रिंगा ताठ केल्या की मागची बाजू लवकर सुटते, पुढच्या ताठ केल्या की पुढची.

यावरून नवखा म्हणेल, मागची बाजू दगडासारखी ताठ करावी. इंजिनाची शक्ती अगदी कमी असेल, तर मागची बाजू थोडी ताठ केल्याने घसरण सुरू करणे सोपे जाते खरे. परंतु शक्ती भरपूर असेल, तर मागची चाके हवी तेव्हा सुटतातच. उणीव असते ती गाडीला पुढे रेटणाऱ्या पकडीची. म्हणून अशा मोटारींत मागच्या स्प्रिंगा सामान्यतः त्या मानाने नरम ठेवतात.

निवड कशी करावी?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर क्रमाने देता येईल.

पहिली पायरी वजनाची. चारही चाकांखाली काटे ठेवून, चालकासह, प्रत्येक चाकावरचा भार मोजावा. आपल्या १२०० किलोच्या मोटारीत चाक-आस वगैरे वजा जाता प्रत्येक स्प्रिंगवर २५० किलो भार येतो, असे धरू.

दुसरी पायरी वारंवारतेची. सेकंदाला २ ते २.५ झोके ठरवले, तर चाकापाशी ताठपणा मिलिमीटरला सुमारे ४० ते ६२ न्यूटन, म्हणजे बाजारातल्या भाषेत ४ ते ६.३ किलो प्रति मिलिमीटर लागतो. सव्वा वारंवारतेच्या प्रवासी मोटारीला हाच आकडा सुमारे १.६ असतो.

तिसरी पायरी तरफेची. काही मोटारींत स्प्रिंग चाकाजवळ नसून आतल्या बाजूस दांडीवर बसवलेली असते. बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर ती असेल, तर चाकापाशी तिचा ताठपणा दोन-तृतीयांशाच्या वर्गाइतका, म्हणजे चार-नवमांश भरतो. चाकापाशी ४ हवे असतील, तर स्प्रिंग ९ ची घ्यावी लागेल. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तसाच उचलला की फसगत होते, ती येथेच.

चौथी पायरी शॉकअपची. स्प्रिंग ठरल्यावरच तो निवडावा. विकणाऱ्याकडे ‘वेग आणि बल’ यांचा आलेख मागावा आणि आपल्या स्प्रिंगला लागणारे अवमंदन त्या आलेखाच्या पट्ट्यात येते का, ते पाहावे. आलेख नसेल, तर नुसत्या रंगावर आणि नावावर पैसे खर्चू नयेत.

पाचवी पायरी उंचीची. आटे पाडलेल्या नळीवर बैठक फिरवून गाडी खाली घेता येते. गुरुत्वमध्य ५० वरून ४७ सेंटिमीटरवर आणला, तर सरकणारा भार ६ टक्क्यांनी घटतो. हा फायदा खरा, पण बेताचा आहे. त्यापायी चाकाची वरखाली होण्याची जागा संपली आणि सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आपटले, तर त्या चाकापाशी ताठपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो आणि पकड अचानक सुटते.

शेवटी बटणांची गोष्ट. काही शॉकअपांना एकच बटण असते, तर काहींना दबताना आणि उघडताना होणारा विरोध वेगवेगळा बदलणारी दोन. प्रत्येक बटणाला १६ टप्पे आहेत असे समजा. पुढे एक आणि मागे एक बटण असेल, तर १६ × १६ म्हणजे २५६ जुळण्या होतात. पुढे दोन आणि मागे दोन असतील, तर ६५,५३६! दिवसाला दहा जुळण्या पारखल्या, तरी साऱ्या संपायला जवळजवळ अठरा वर्षे लागतील. म्हणून शिकाऱ्याने एका बटणाचा, पण चांगल्या आलेखाचा शॉकअप घ्यावा. बटण पूर्ण बंद करून तेथून टप्पे मोजावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिच परिणाम वहीत लिहावा, मगच पुढची बदलावी. प्रयोगशाळेत एक राशी बदलताना बाकीच्या स्थिर ठेवा असे शिक्षक सांगतात, तोच हा नियम.

करून पाहा

सुई काढलेली सिरिंज पाण्याने भरा. दट्ट्या सावकाश दाबा आणि मग जोरात दाबा. विरोधातला फरक हाताला कळेल. हाच शॉकअप.

प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगला दोऱ्याने एक दगड टांगून झोके द्या. झोका निम्मा व्हायला किती दोलने लागतात, ते मोजा. मग दगड पाण्यात बुडेल असा ठेवून आणि शेवटी खाद्यतेलात ठेवून हेच करा. तिन्ही आकडे तक्त्यात मांडा.

उभ्या मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. ती वर येऊन जवळजवळ तिथेच स्थिरावली, तर शॉकअप ठीक आहे. दोन-तीन झोके घेत राहिली, तर तो झिजला आहे असे समजावे आणि घरच्यांना सांगावे.

खेळाची जागा

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको की बैलगाडा घाटात पळतो, महामार्गावर नव्हे. घाट आखलेला असतो आणि प्रेक्षक कडेला असतात. ड्रिफ्टिंगचेही तसेच आहे. ते बंदिस्त धावपट्टीवर, शिरस्त्राण घालून, जाणत्यांच्या देखरेखीखाली करायचे कसब आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. शिवाय रस्त्यावर घसरलेली गाडी कोणाच्या अंगावर जाईल, याचे गणित कोणालाच मांडता येत नाही.

या विषयाची गोडी असणाऱ्यांना मात्र दूर जायला नको. बेल्ह्याहून याच महामार्गाने पूर्वेला गेले की अहिल्यानगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना आहे. तेथे चाचणीसाठी खास धावपट्ट्या आहेत. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. आळेफाट्याहून पुण्याकडे जाताना चाकणजवळ कुरुळी येथे शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना लागतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ‘बाहा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धांसाठी स्वतः लहान गाड्या बांधतात आणि वर केलेले हिशेब त्यांना प्रत्यक्षात करावे लागतात.

गाडी नरम की कडक, ही शेवटी चवीची गोष्ट नाही. किती भार, कोणता रस्ता आणि किती वेग या तीन प्रश्नांची उत्तरे आधी आकड्यांत लिहावीत. स्प्रिंग भाराप्रमाणे ठरते, शॉकअप स्प्रिंगप्रमाणे ठरतो आणि बटणांची पाळी त्यानंतर येते. हा क्रम ज्याने उलटा केला, त्याने कितीही पैसे मोजले तरी त्याच्या गाडीचा झोका आवरणार नाही.